डावीकडे वळायचा शब्द

गाडी हिरामणनं करून दिली.
तुर्भ्याच्या शीतगृहात तो रात्रपाळीला असतो.
तिथल्या मोडक्या पॅलेटच्या फळ्या, चार चाकं,
मागे उभं राहायला दोन पट्ट्या,
आणि ब्रेक म्हणून टायरचा तुकडा,
पाय दिला की डांबराला घासतो.
"बर्फावर चाकं नसतात, मावशी," तो म्हणाला,
"पण ऐरोलीत बर्फ नसतो."

फेब्रुवारीत मी फिनलंडच्या उत्तरेला चाललेय.
आठ दिवस. लाकडी खोपटं, वीज नाही,
सहा कुत्री आणि एक मी.
पैसे पीएफमधले.
मुलाला अजून सांगितलेलं नाही.

तिकडून आलेल्या सूचना चष्मा लावून वाचल्या:
लगाम नसतो.
कुत्र्यांना तुमचा आवाज कळतो,
आणि वजन कुठल्या पायावर आहे ते.
काही झालं तरी गाडी सोडायची नाही.
पडलात तरी धरून ठेवा.
या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली,
का, कुणास ठाऊक.

पहाटे साडेचार. खाडीकडचा रस्ता,
तिवरांपाशी जाऊन उगाच संपणारा.
वर मोठ्या टॉवरच्या तारा गुणगुणतात.
सगळ्यात पुढे कोळशी.
मग पार्ले आणि मॅनेजर
(सगळं हुंगून बघतो, करत काही नाही),
मागे दोन भाऊ, अजून नाव न पडलेले.
गळ्यात काही नाही, छातीवरून पट्टे,
जुन्या सलवारींच्या रुंद इलॅस्टिकचे.

निघायचा शब्द सोपा: छू.
तो त्यांच्या पणज्यांनाही ठाऊक होता.
थांबायचा त्यांनीच मला शिकवला.
थांब म्हणून झालं, शिट्टी मारून झाली,
शेवटी रिकामे हात दाखवत म्हटलं, बास, संपलं,
आणि पाचही जण जागच्या जागी उभे.
बिस्किटं संपली की सहा वर्षं मी हेच म्हणत आलेय.
उजवीकडे: यू यू यू.

डावीकडचा शब्द सापडेना.
हिरामण म्हणाला, हाड म्हणा, आखूड आहे, लांब पोचतो.
म्हटलं.
कोळशी भर रस्त्यात पोटाशी पाय घेऊन बसली,
कान मागे, डोळे मिटून,
दगडाची वाट बघत.

मी गाडी सोडली, तिच्याजवळ जाऊन बसले.
नियम पहिल्याच आठवड्यात मोडला.

थंडीचा सराव शीतगृहात.
उणे अठरा. हिरामणचं जाकीट, त्यातला मासळीचा वास.
वाटाण्यांच्या खोक्यांमध्ये पंधरा मिनिटं उभी राहिले.
पापण्या जड झाल्या, नाकातले केस ताठ.
तोंडातून वाफ आली तेव्हा
मी हळूच म्हणून बघितलं, छू,
आणि माझं मलाच हसू आलं.

खरं शिकले ते कालच.
निघण्याआधी काय तो कल्ला,
मॅनेजरसुद्धा उड्या मारत होता,
बंद कंपनीच्या गेटवरचा वॉचमन ओरडायला लागला.
चाकं फिरली आणि सगळे गप्प.
भुंकणं जणू पायांत उतरलं.
नखांचा आवाज, तारांची गुणगुण,
माझ्या कानातलं रक्त,
बाकी काही नाही.
एवढ्या वर्षांत घरात मला कधी
असं गप्प बसता आलं नव्हतं.

मग वळण आलं. डावीकडचं.
शब्द नव्हताच, म्हणून डाव्या पायावर रेलले,
जरा जास्तच.
पडले. धरून ठेवलं.
कोपर सोललं, साडीचा काठ चाकात गेला,
बास म्हणायला तोंड उघडलं तर धूळ.
मी काही न म्हणताच कोळशी थांबली,
मागे वळून पाहिलं,
आणि बाकीचे तिच्यावर येऊन आदळले.

आज रात्री अर्ज भरतेय. कोपराला हळद.
एक रकाना उरलाय:
पूर्वानुभव असल्यास लिहा.
लिहिलं: आहे.
मग थोडी जागा होती म्हणून पुढे लिहिलं,
डावीकडे वळायचं राहिलंय.